नंतर वाचायचे लेख स्वतःच्याच फोनवर साठवणारे अ‍ॅप: बांधणी आणि किंमत याविषयी मते हवी आहेत

अक्षरपेटी (धागाकर्ता)

नमस्कार.

मोझिलाने ८ जुलै २०२५ रोजी पॉकेट ही लेख साठवण्याची सेवा बंद केली, तेव्हा वापरकर्त्यांना आपापली यादी उतरवून घेण्याची मुदत दिली होती. त्या यादीत दुवे होते, शीर्षके होती, आपण लावलेल्या खुणा होत्या. लेखांचा मजकूर मात्र नव्हता. ही सेवा २००७ साली ‘रीड इट लेटर’ या नावाने सुरू झाली, तेव्हापासून ज्यांनी लेख जमवले होते, त्यांच्या हाती शेवटी पत्त्यांचे बाड आले, आणि जुन्या पत्त्यांचे काय होते हे आपण सगळे जाणतो. प्यू रिसर्च सेंटरने २०२४ साली केलेल्या पाहणीत असे आढळले की २०१३ मध्ये अस्तित्वात असलेल्या वेबपानांपैकी ३८ टक्के पाने दहा वर्षांनंतर उघडत नव्हती. पॉकेटच्याही आधी, ऑक्टोबर २०२४ मध्ये, ऑम्निव्होर ही तशीच सेवा इलेव्हनलॅब्ज या कंपनीने आपल्यात सामावून घेतली आणि महिनाभरात तिचे दुकान बंद झाले. ऑम्निव्होर मुक्तस्रोत होते (त्याचा कोड सर्वांना खुला होता), याचा सामान्य वाचकाला फारसा उपयोग झाला नाही, कारण त्याचे लेख सर्व्हरवर होते आणि सर्व्हर स्वतः चालवणे हे त्याचे काम नव्हे.

म्हणून मी असे अ‍ॅप बांधत आहे, ज्यात लेख साठवला की त्याचा मजकूर आणि चित्रे वापरकर्त्याने निवडलेल्या फोल्डरात साध्या एचटीएमएल फाइलच्या रूपात उतरतात. शोध आणि याद्या यांसाठी शेजारी एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसची एक सूची असेल. ती पुसली गेली तरी फाइलींवरून पुन्हा तयार करता येईल. खाते उघडण्याची गरज नाही, माझा सर्व्हर नाही. अ‍ॅप काढून टाकले तरी फाइली जागेवर राहतील आणि कोणत्याही ब्राउझरमध्ये उघडतील. इंक अँड स्विच या संशोधनगटाने २०१९ मध्ये ज्याला ‘लोकल-फर्स्ट’ (माहिती आधी वापरकर्त्याच्या उपकरणावर) म्हटले, त्या विचाराच्या जवळ जाणारी ही रचना आहे.

जागेची चिंता मला फारशी वाटत नाही. देवनागरीतील प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ या साठवणीच्या पद्धतीत तीन बाइट घेते, म्हणजे हजार शब्दांचा मराठी लेख साधारण वीस-बावीस किलोबाइटचा होतो. असे पाच हजार लेख शंभर-एकशेदहा मेगाबाइटमध्ये मावतात. खरी जागा चित्रे खातात, म्हणून ती लहान करून साठवण्याचा आणि एकच चित्र दोनदा न साठवण्याचा पर्याय दिला आहे.

किमतीबद्दल माझा विचार असा आहे की एकरकमी ९९९ रुपये घ्यावेत. त्यात एका वर्षाच्या सुधारणा मिळतील. वर्ष संपल्यावर हाती असलेले अ‍ॅप आहे तसे कायम चालत राहील, आणि पुढील सुधारणा हव्या असतील त्यांनी वर्षाला ४०० रुपये द्यावेत. जे लेख वाचकाच्या फोनवर आहेत, ते उघडण्यासाठी मी त्याच्याकडून दर महिन्याला पैसे मागावेत, हे मला न्याय्य वाटत नाही. परंतु या मार्गाने अ‍ॅप दहा वर्षे जगेल का, हेही मला प्रामाणिकपणे विचारायचे आहे, कारण बंद पडणारे अ‍ॅप एकरकमी असले काय आणि वर्गणीचे असले काय, वाचकाला सारखेच.

बांधणीतील त्रुटी आणि किमतीचा हिशेब, दोन्हींवर मोकळेपणाने लिहावे.

---

घाटवाट

मी भोरहून वरंध घाटाने महाडला नियमित जातो. घाटात फोनला रेंज मिळत नाही, आणि एसटीत वाचायला तोच निवांत वेळ असतो. आजवर वापरलेल्या अ‍ॅपांचा अनुभव असा की यादी दिसते, लेखावर बोट ठेवले की चक्र फिरत राहते. ‘ऑफलाइन’ असे लिहिलेल्या अ‍ॅपांतही शेवटचे काही लेखच उतरलेले असतात आणि ते कोणते, हे अ‍ॅप ठरवते. त्यामुळे ‘साठवला म्हणजे उतरला’ एवढे एक वचन पाळणार असाल, तर ९९९ रुपये मला जड वाटत नाहीत.

पण एक शंका आहे. फोन हरवला किंवा पाण्यात पडला तर? सर्व्हर नाही याचा अर्थ माझी जबाबदारी वाढली. मला तांत्रिक काही जमत नाही. गूगल ड्राइव्हवर प्रत ठेवण्याचे एक बटण तरी असावे, आणि प्रत शेवटची कधी घेतली गेली हे पहिल्याच पडद्यावर दिसावे.

---

नोंदवही

फाइलींची रचना योग्य आहे. अडचण येईल ती लेख आत आणताना, आणि ती धाग्यात आलेली नाही, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

आपण हे ब्राउझरमध्ये चालणारे वेब-अ‍ॅप म्हणून करण्याच्या विचारात असाल तर तो सोडावा. ब्राउझरमधील एका संकेतस्थळाला दुसऱ्या संकेतस्थळाचे पान परवानगीशिवाय वाचता येत नाही. हा ब्राउझरच्या सुरक्षेचा मूळ नियम आहे. तो ओलांडण्यासाठी मधे स्वतःचा सर्व्हर ठेवावा लागतो, आणि मग कोण काय वाचते हे त्या सर्व्हरला कळते. शिवाय सफारी (आयफोनचा ब्राउझर) २०२० पासून, वापरकर्ता सफारी वापरत असूनही सात दिवस संकेतस्थळाकडे फिरकला नाही तर त्या स्थळाने ब्राउझरमध्ये साठवलेली माहिती पुसून टाकते. होम स्क्रीनवर बसवलेल्या वेब-अ‍ॅपला यातून सूट आहे, पण किती वाचक ते तसे बसवतील? नंतर वाचायच्या लेखांचे अ‍ॅप हे स्वभावतःच आठवडाभर न उघडले जाणारे अ‍ॅप आहे.

संगणकावर ब्राउझरचे एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडायचा छोटा पूरक प्रोग्राम) हाच उत्तम मार्ग, कारण वाचकाच्या डोळ्यांसमोर जे पान उघडलेले असते, लॉगिन केलेले असेल तर लॉगिनसह, तेच जसेच्या तसे हाती येते. आयफोनवर सफारीच्या ‘शेअर’मधून पानाचा मजकूर मिळवता येतो, मात्र इतर अ‍ॅपांतून केवळ दुवा येतो. अँड्रॉइडवर बहुतेक वेळा दुवाच येतो. मग तो दुवा आपल्या अ‍ॅपने पडद्याआड उघडायचा, पानावरील स्क्रिप्ट चालून मजकूर येईपर्यंत थांबायचे आणि मग रीडेबिलिटीसारख्या साधनाने मुख्य मजकूर वेगळा करायचा. फायरफॉक्सच्या वाचन-दृश्यामागे असलेले हे साधन मोझिलाने सर्वांना खुले ठेवले आहे आणि ते चांगले आहे, पण अनेक वृत्तपत्रांच्या संकेतस्थळांवर दर दोन परिच्छेदांनंतर ‘हेही वाचा’ असे चौकट नसलेले दुवे घुसवलेले असतात. ते परिच्छेदच वाटतात आणि लेखात उरतात. त्यासाठी स्थळनिहाय नियम लिहावे लागतील, स्थळांची मांडणी बदलली की ते मोडतील आणि पुन्हा लिहावे लागतील.

हे शेवटचे वाक्य किमतीशी संबंधित आहे. आपण विकत आहात ते एकदा बनवून संपणारे काम नाही. तुमचा सर्व्हर नसेल, पण खर्च आहे. तो वीज-भाड्याचा नसून तुमच्या वेळेचा आहे.

आणि मूळ पानाची अख्खी प्रतही ठेवा, संकुचित करून का होईना. नियम सुधारले की जुना लेख पुन्हा नव्याने गाळून घेता येईल. मूळच फेकले तर तो मार्ग बंद.

---

अनुक्रमणिका

शोधाबद्दल. एसक्यूलाइटचे एफटीएस५ हे शोधयंत्र वापरणार असाल तर मराठीसाठी त्याची मूळ मांडणी जशीच्या तशी घेऊ नका. त्यातील ‘युनिकोड६१’ हा शब्द तोडणारा भाग मूळ मांडणीत फक्त अक्षरे आणि अंक या वर्गांतील चिन्हे शब्दाचा भाग मानतो. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, हलन्त ही चिन्हे युनिकोड या सर्व लिप्यांच्या चिन्हतक्त्यात वेगळ्या वर्गात येतात, त्यामुळे ती विरामचिन्हांसारखी मानली जातात. परिणामी ‘काम’ या शब्दाचे ‘क’ आणि ‘म’ असे दोन तुकडे होतात, आणि ‘काम’ शोधले की ‘किमान’ आणि ‘कुमार’ असलेले लेखही समोर येतात. इंग्रजीत चाचणी घेतलेले अ‍ॅप मराठीत भलतेच निकाल का देते, याचे कारण अनेकदा एवढेच असते.

यावर उपाय सोपा आहे. त्याच भागाला कोणते वर्ग शब्दात धरायचे हे सांगण्याचा पर्याय आहे. त्यात ही चिन्हांची दोन वर्गनामे वाढवायची. काही जण त्याऐवजी तीन-तीन चिन्हांचे तुकडे करणारा ‘ट्रायग्रॅम’ सुचवतात. त्यात शब्दाच्या मधला भागही सापडतो, पण तीन चिन्हांहून लहान शब्द सापडत नाहीत, आणि आपल्याकडे ‘घर’, ‘ऊस’, ‘मत’, ‘वन’ असे दोन चिन्हांचे शब्द पैशाला पासरी आहेत.

दुसरी गोष्ट ‘दुसऱ्या’ची. काही कळफलक हा शब्द स्वतंत्र ‘ऱ’ वापरून लिहितात, तर काही ‘र’ला हलन्त देऊन पुढे न दिसणारे जोडचिन्ह घालतात. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाला ते दोन वेगळे शब्द. शिवाय ते न दिसणारे चिन्ह अक्षरांच्या वर्गात येत नसल्यामुळे तिथेही शब्द तुटतो. सूचीत टाकण्यापूर्वी मजकुरातील आणि शोधतानाच्या शब्दातील ही दोन रूपे एक करून घ्यावीत. मूळ फाइलीला मात्र हात लावू नये.

विभक्तीचे काय, असे कोणी विचारेल. ‘घर’ शोधून ‘घरात’, ‘घराचा’ मिळवायचे तर शब्दारंभावरून शोध पुरतो. ‘पुणे’ शोधून ‘पुण्यात’ मिळत नाही, तिथे सामान्यरूपाचे नियम लागतात. पहिल्या आवृत्तीत तेवढे सोडून द्यावे; वाचक ‘पुण’ लिहायला लगेच शिकतो.

---

हिशेबनीस

धागाकर्त्यांनी हिशेब विचारला आहे म्हणून मांडतो.

९९९ रुपयांच्या किमतीत १८ टक्के जीएसटी धरला तर मूळ किंमत साधारण ८४७ रुपये उरते. अ‍ॅपल आणि गूगल दोघेही लहान विकासकांकडून, म्हणजे वर्षाला दहा लाख डॉलरपर्यंतच्या कमाईवर, १५ टक्के घेतात (अ‍ॅपल आणि गूगल दोन्हींकडे त्यासाठी नाव नोंदवावे लागते). ते १२७ रुपये गेले की हाती ७२० रुपये. अ‍ॅपलची विकासक-वर्गणी वर्षाला ९९ डॉलर आहे, गूगलचे २५ डॉलर एकदाच. ते बाजूला ठेवू. महिन्याला साठ हजार रुपये सुटावेत अशी माफक अपेक्षा धरली, तर वर्षाला ७ लाख २० हजार, म्हणजे बरोबर एक हजार ग्राहक. पहिल्या वर्षी एक हजार, दुसऱ्या वर्षी नवे एक हजार, तिसऱ्या वर्षी आणखी नवे एक हजार. पॉकेट बंद झाल्यामुळे पर्याय शोधणाऱ्यांची लाट होती, ती दर वर्षी येणार नाही.

वर्गणी ठेवली आणि ती वर्षाला ४९९ रुपये असली, तर त्याच वजावटीनंतर ३६० रुपये हाती येतात. दोन हजार वर्गणीदार लागतील, हे खरे. पण ते एकदा जमले की पुढील वर्षी पुन्हा शून्यापासून सुरुवात नसते. ‘नोंदवही’ यांनी सांगितलेले स्थळनिहाय नियमांचे काम जन्मभराचे असेल, तर उत्पन्नही तसेच हवे. भावनेपेक्षा हिशेब महत्त्वाचा, कारण आपल्या वचनाचे मोल आपण टिकलो तरच.

पिनबोर्ड या दुवे साठवणाऱ्या सेवेचे उदाहरण बघण्यासारखे आहे. २००९ मध्ये सुरू झाली तेव्हा तिची प्रवेश-फी एकरकमी होती आणि प्रत्येक नव्या सभासदागणिक ती किंचित वाढत जाई, म्हणजे लवकर येणाऱ्याला स्वस्त. कल्पना हुशारीची होती. तरीही २०१५ मध्ये नव्या सभासदांसाठी तिला वार्षिक वर्गणीवर यावे लागले.

---

अक्षरपेटी (धागाकर्ता)

‘अनुक्रमणिका’ यांनी सांगितलेले शोधाचे दोन्ही बदल आराखड्यात घेतले आहेत, आणि मूळ पानाची संकुचित प्रत ठेवण्याची सूचनाही. अ‍ॅप फोनवर व संगणकावर थेट बसवायचे आहे, सोबत ब्राउझरचे एक्स्टेन्शन असेल. वेब-अ‍ॅपचा विचार नाही.

‘हिशेबनीस’ यांच्या आकड्यांशी माझा वाद नाही. पिनबोर्डच्या उदाहरणाशी मात्र आहे. ती सेवा सर्व्हरवर चालते. सभासदाने पहिल्या वर्षी दिलेल्या पैशांतून त्याच्या दहाव्या वर्षीची साठवण आणि वीज भागवायची होती, आणि जुना सभासद जितका निष्ठावान तितका तोट्याचा होता. माझ्या रचनेत जुन्या ग्राहकाचा मला शून्य खर्च आहे. तो दहा वर्षे काही न देता वाचत राहिला तरी माझे काही जात नाही. माझा खर्च आहे तो नव्या कामाचा, आणि म्हणून पैसे नव्या कामाचे मागावेत, एवढेच माझे म्हणणे आहे. जेटब्रेन्स ही प्रोग्रामरांची साधने बनवणारी कंपनी २०१५ मध्ये वर्गणीकडे वळली, तेव्हा ग्राहकांच्या नाराजीनंतर तिने अशीच तोड काढली होती: वर्षभर पैसे भरले की त्या वर्षाच्या सुरुवातीची आवृत्ती कायमची आपली.

त्यामुळे आपल्या हिशेबात एक भर घालतो. पहिल्या वर्षीच्या हजारांपैकी तीनशे जणांनी पुढच्या वर्षी ४०० रुपये भरले, तर कर आणि कमिशन वजा जाऊन प्रत्येकी साधारण २८८ रुपये, म्हणजे ८६ हजारांच्या आसपास. नवे ग्राहक १,००० ऐवजी ८८० लागतील. तिसऱ्या वर्षी त्याहून कमी. ही उतरण फार तीव्र नाही, हे मान्य, पण ती आहे. आणि नियम अद्ययावत न ठेवल्यास कोणीही पुन्हा पैसे भरणार नाही, हा धाक माझ्यावर राहील, जो वर्गणीत राहत नाही.

---

हिशेबनीस

तीनशे हा आकडा आशावादी आहे, पण विचार कळला.

---

नोंदवही

किमतीची ही रचना स्टोअरमध्ये बसवताना एक अडचण आहे. ‘हाती असलेली आवृत्ती कायम’ हे संगणकावर सोपे आहे, फोनवर नाही, कारण स्टोअर सगळ्यांना एकच नवी आवृत्ती देते आणि ती बहुतेकांच्या फोनवर आपोआप बसते. जुन्या आवृत्तीवर थांबलेल्या ग्राहकाला पुढच्या अँड्रॉइडवर किंवा आयओएसवर ती चालेनाशी झाली तर दाद कुठे मागायची? म्हणून अ‍ॅप सर्वांना तेच द्यावे आणि वर्ष संपल्यानंतर आलेल्या सुविधा तेवढ्या कुलूपबंद ठेवाव्यात. अजेंडा हे नोंदींचे अ‍ॅप असेच चालते: पैसे भरलेल्या काळात आलेल्या सुविधा कायमच्या तुमच्या, पुढच्या हव्या असतील तर पुन्हा पैसे. दोष दुरुस्त्या आणि नव्या आयओएस-अँड्रॉइडशी जुळवून घेण्याचे काम मात्र सर्वांना फुकट मिळाले पाहिजे, आणि हे संकेतस्थळावर आधीच स्पष्ट लिहून ठेवावे.

स्थळनिहाय नियमांचे काय करायचे हा यातला अवघड प्रश्न. ते सुविधा की दुरुस्ती? माझ्या मते दुरुस्ती. लेख नीट न उतरणे हा वाचकाच्या दृष्टीने दोषच आहे.

---

म्युनिकवासी

इथून दोन गोष्टी. मे २०१८ मध्ये युरोपचा माहिती-संरक्षणाचा कायदा लागू झाला, तेव्हा इन्स्टापेपर या लेख साठवण्याच्या सेवेने युरोपातील वाचकांसाठी सेवा थांबवली होती आणि ती ऑगस्टमध्ये पुन्हा सुरू झाली. अडीच महिने माझेच लेख माझ्यासाठी बंद होते. ज्या अ‍ॅपच्या मालकाकडे माझी कोणतीही माहिती पोहोचतच नाही, त्याला असे थांबण्याचे कारणच पडत नाही; हा मुद्दा जाहिरातीत ठळकपणे यावा.

दुसरी किमतीची. बाहेरच्या वाचकांसाठी रुपयांचे नुसते रूपांतर करू नका. इकडे चांगल्या अ‍ॅपला पंचवीस-तीस युरो एकदाच देणे लोकांना खटकत नाही, वर्गणी मात्र खटकते. स्टोअर देशागणिक वेगळी किंमत ठेवू देते, त्याचा उपयोग करावा. परदेशातील शंभर ग्राहक तुमच्या हिशेबातील दोन-तीनशे ग्राहकांची जागा घेतील.

---

तळटीप

मी एका लहान मराठी वेब-नियतकालिकाच्या संपादनात आहे, त्यामुळे दुसऱ्या बाजूने लिहितो. लेख अख्खा उतरवून घेतल्यावर वाचक आमच्या पानावर पुन्हा येत नाही. आमच्यासारख्यांचा जाहिरातींवरचा आधार तसाही तुटपुंजा आहे, त्यामुळे मी त्याबद्दल रडत नाही, पण तीन अपेक्षा आहेत. लेखकाचे आणि प्रकाशनाचे नाव गाळणीत हरवू नये. अनेक अ‍ॅपांत शीर्षक राहते आणि लेखक गायब होतो. मूळ दुवा लेखाच्या डोक्यावर दिसावा. आणि वर्गणीदारांपुरत्या लेखांचे कुंपण तोडण्याची कोणतीही सोय अ‍ॅपने देऊ नये. ज्याने वर्गणी भरली आहे त्याने आपल्या वाचनासाठी प्रत ठेवावी, यावर आक्षेप नाही.

कायद्याच्या दृष्टीनेही भेद महत्त्वाचा आहे. कॉपीराइट अधिनियम, १९५७ च्या कलम ५२ मध्ये खासगी वा वैयक्तिक वापरासाठीच्या न्याय्य वापराला मुभा आहे. वाचकाच्या फोनवरील प्रत त्या चौकटीत समजण्यासारखी आहे. हजारो लेखांच्या प्रती कंपनीच्या सर्व्हरवर ठेवून त्या परस्परांना वाटण्याची सोय करणे हा वेगळाच प्रकार होईल. म्हणून ‘मित्राला अख्खा लेख पाठवा’ असे बटण घालण्याचा मोह झाला तर आवरावा. दुवा पाठवू द्यावा.

---

घाटवाट

सगळे वाचले, बरेचसे डोक्यावरून गेले. माझ्या प्रश्नाचे उत्तर मात्र राहिले. फोन आणि घरचा संगणक यांत लेख एकसारखे राहणार का, आणि फोन गेला तर काय?

---

अक्षरपेटी (धागाकर्ता)

उत्तर लांबले याबद्दल क्षमस्व. आपण निवडलेले फोल्डर ड्रॉपबॉक्स, आयक्लाउड, स्वतःचा वेबडॅव्ह सर्व्हर किंवा सिंकथिंग (उपकरणांतील फाइली परस्पर जुळवणारा प्रोग्राम) यांपैकी कशाशीही जोडता येईल. फोन गेला तर नव्या फोनवर तेच फोल्डर दाखवायचे, सूची आपोआप पुन्हा बांधली जाईल. आपण सुचवल्याप्रमाणे शेवटची प्रत कधी गेली हे पहिल्या पडद्यावर दिसेल. गूगल ड्राइव्हसाठी वेगळे बटणही देत आहे, कारण अँड्रॉइडवर बहुतेकांकडे तेच असते.

यात धोका असा की दोन उपकरणांनी एकच फाइल एकाच वेळी बदलली तर सिंकथिंग एका फाइलीच्या दोन करून ठेवते आणि वाचक गोंधळतो. त्यामुळे लेखाची फाइल एकदा लिहिली की पुन्हा बदलायची नाही, असा नियम ठेवला आहे. ‘वाचून झाला’, ‘खूण केली’, ‘या ओळी अधोरेखित केल्या’ अशा नोंदी प्रत्येक उपकरण आपल्या स्वतःच्या वेगळ्या नोंद-फाइलीत शेवटी जोडत जाते. फोन संगणकाच्या नोंदींना हात लावत नाही, संगणक फोनच्या नोंदींना लावत नाही. दोघे एकमेकांच्या नोंदी वाचून अंतिम चित्र तयार करतात.

---

नोंदवही

हे चांगले आहे. दोन ठिकाणी जपावे. उपकरणांच्या घड्याळांवर विसंबू नका. कोणाचे तरी घड्याळ हमखास पुढे असते आणि त्याची नोंद कायम जिंकत राहते. प्रत्येक नोंदीला चढता क्रमांक द्यावा, आणि दुसऱ्या उपकरणाचा मोठा क्रमांक दिसला की आपला त्याच्या पुढून सुरू करावा. आणि लेख पुसल्याचीही नोंद ठेवावी, नाहीतर महिनाभर बंद असलेला टॅब्लेट सुरू होताच पुसलेले लेख पुन्हा जिवंत होतील.

सिंकथिंगची शिफारस फोनवाल्यांना सरसकट करू नये. त्याचे अधिकृत अँड्रॉइड अ‍ॅप डिसेंबर २०२४ मध्ये थांबवले गेले. इतरांनी चालवलेली रूपे आहेत, पण घाटवाट यांच्यासारख्या वाचकाला ते सांगणे योग्य नव्हे.

---

हिशेबनीस

वर्गणीच्या बाजूने मी बोललो, तरी भारतापुरता एक विरोधी मुद्दाही नोंदवतो. ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार आवर्ती रक्कम कापण्याआधी किमान चोवीस तास ग्राहकाला सूचना जाते. ग्राहकासाठी ते उत्तमच आहे. पण ज्याने दोन महिने एकही लेख वाचलेला नाही, त्याला ती सूचना आली की तो तत्क्षणी वर्गणी रद्द करतो, आणि साठवून न वाचणे हाच या वर्गाच्या अ‍ॅपांतला सार्वत्रिक रोग आहे. त्यामुळे माझा दोन हजार वर्गणीदारांचा अंदाजही तितकासा भक्कम नाही. संगणकाची आवृत्ती तरी आपल्या संकेतस्थळावरून यूपीआयने विकावी. तिथे १५ टक्के वाचतात.

---

अक्षरपेटी (धागाकर्ता)

मग असे ठरवतो. एकरकमी ९९९ रुपये, त्यात वर्षभरातील नव्या सुविधा. त्यानंतर ऐच्छिक ४०० रुपये. लेख वाचणे, शोधणे, फाइली बाहेर नेणे, दोष दुरुस्त्या आणि स्थळनिहाय नियम हे कोणालाही, कधीही कुलूपबंद होणार नाहीत. विनामूल्य आवृत्तीत लेखांच्या संख्येवर मर्यादा घालण्याचा विचार होता, तो सोडला आहे. त्याऐवजी तीस दिवस सगळे खुले, आणि नंतर नवे लेख साठवणे तेवढे थांबेल, साठवलेले वाचता येतील. युरोप-अमेरिकेत किंमत २५ युरो किंवा डॉलर. संगणकासाठी संकेतस्थळावरून घेतलेल्या परवान्यावर माझी अंकीय सही असेल आणि अ‍ॅप ती जागच्या जागी तपासेल, म्हणजे उद्या माझे संकेतस्थळ बंद पडले तरी परवाना चालेल. लेखक, प्रकाशन आणि मूळ दुवा प्रत्येक फाइलीच्या सुरुवातीला राहील.

अँड्रॉइडची चाचणी आवृत्ती तयार आहे. जुने, कमी जागेचे फोन असलेल्यांनी वापरून पाहावी अशी विशेष विनंती.

---

घाटवाट

माझा फोन ३२ जीबीचा आहे आणि त्यातला बराचसा व्हॉट्सअ‍ॅपवरील चित्रांनी भरलेला आहे. लेखांचे फोल्डर मेमरी कार्डावर ठेवता येईल का?

---

अक्षरपेटी (धागाकर्ता)

येईल. फोल्डर निवडताना कार्ड निवडावे. शोधाची सूची तेवढी फोनच्या आतल्या जागेत राहते, कारण अँड्रॉइड कार्डावरील फोल्डर ज्या पद्धतीने अ‍ॅपला उघडून देते त्या पद्धतीने एसक्यूलाइटला थेट लिहिता येत नाही. ती सूची लेख आणि चित्रे यांच्या मानाने लहानच असते. कार्ड काढून घातले तर पहिल्यांदा उघडायला थोडा वेळ लागेल, तो किती लागतो हे कळवलेत तर उपयोग होईल. चाचणीचा दुवा आपल्याला व्यक्तिगत निरोपात पाठवला आहे.